बालदीतली बाटली

पहिली बाटली मी पुण्यात असतानाच वाया घालवली. २०१७ साली नवऱ्याच्या ऑफिसातला एकजण पोर्तुगालला जाऊन आला. येताना आमच्यासाठी पांढऱ्या वाइनची एक बाटली घेऊन आला. उंच, हिरव्या काचेची. लेबलवर नाव होतं ‘व्हिन्यु व्हेर्द’. आम्हा दोघांनाही वाइनमधलं काही कळत नव्हतं. वाइन जितकी जुनी तितकी चांगली, एवढं मात्र ऐकून होतो. म्हणून मी ती बेडरूमच्या कपाटात, शालूच्या शेजारी, आडवी ठेवून दिली. आडवी ठेवतात हेही कुठेतरी ऐकलेलं. लग्नाला दहा वर्षं झाली की उघडू, असं ठरलं.

दहा वर्षं २०२१ मध्ये झाली. तोवर त्या बाटलीने पुण्याचे चार उन्हाळे काढले होते, तेही पश्चिमेच्या भिंतीला लागून. मी पापलेट तळलं, मुलाला लवकर झोपवलं आणि नवऱ्याने बूच काढलं. रंग कोऱ्या चहात पाणी घातल्यासारखा. वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा. चव आंबट, पण नुसतीच आंबट, पुढे काही नाही. नवरा म्हणाला, “अशीच लागत असेल.” मीही मान डोलावली. अर्धा अर्धा ग्लास कसाबसा संपवला, उरलेली सिंकमध्ये ओतली. ज्याने दिली होती त्याला दुसऱ्या दिवशी फोन करून ‘फार छान होती’ असं सांगितलं.

दीड वर्षाने, २०२२ च्या ऑक्टोबरात, नवऱ्याला ब्रागात नोकरी मिळाली आणि आम्ही तिघं पोर्तुगालच्या उत्तर टोकाला येऊन पडलो. या भागाला मिन्यो म्हणतात. आलो तेव्हा पाऊस पडत होता आणि पुढचे बरेच दिवस पडतच राहिला. मी अलिबागची, मला पावसाचं कौतुक नाही. पण इथला पाऊस थंड. कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी धरते आणि बाहेर सगळं शेवाळासारखं हिरवं. आपण सिंकमध्ये ओतलेली बाटली याच मुलखातली, हे मला इथे आल्यावर कळलं.

दुसऱ्याच आठवड्यात घराजवळच्या एका साध्या खाणावळीत जेवायला गेलो. मी मोठ्या आत्मविश्वासाने ‘व्हेर्द’ मागितली. वाढपी काहीतरी दोन शब्द म्हणाला. मला त्यातला ‘तिंतो’ एवढाच ऐकू आला. मी हो म्हटलं. त्याने चिनी मातीचे दोन पांढरे वाडगे आणून ठेवले, आपल्या आमटीच्या वाटीपेक्षा थोडे मोठे. त्यात जांभळीकाळी वाइन. वर गुलाबी फेस. मी हिरवी नाहीतर पांढरी काहीतरी येईल म्हणून बसलेले. एक घोट घेतला आणि दात आंबले. जीभ, ओठ, वाडग्याची कड, सगळं जांभळं. जांभळं खाल्ल्यावर होतं तसं. मुलगा आमची तोंडं बघून हसत सुटला.

तिंतो म्हणजे लाल, ब्रांको म्हणजे पांढरी. व्हेर्द दोन्ही प्रकारची असते. लाल व्हेर्द वाडग्यातून पितात आणि इथल्या जुन्या माणसांना तीच आवडते. नवख्या माणसाने मात्र सुरुवात तिथून करू नये. मागताना ‘व्हेर्द ब्रांको’ असं पूर्ण मागावं. त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. आम्ही न मागता टेबलावर पाव, ऑलिव्ह आणि चीज आलं. पाहुणचार समजून आम्ही सगळं संपवलं. बिलात त्याचे पैसे लागले. इथे तशी पद्धतच आहे, फसवणूक नव्हे. नको असेल तर हात लावायचा नाही, परत न्या म्हणायचं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. सत्तरी उलटलेली, एकट्या. त्यांचं माहेर पोंत द लीमा गावाजवळ, तिथे भावाची द्राक्षं. मला त्या ‘मेनीना’ म्हणतात. म्हणजे मुली. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती, पण काही शब्द आधीपासूनच सामाईक निघाले. त्या बटाट्याला ‘बताता’ म्हणत, पावाला ‘पाँव’, चावीला ‘शाव’. पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर सोडलेले शब्द मला इथे स्वयंपाकघरात उपयोगी पडले.

बालदीचंही तसंच झालं. एका शनिवारी आजींना मी जेवायला बोलावलं होतं. सुपरमार्केटमधून साडेतीन युरोची पांढरी व्हेर्द आणली होती. गार करायला सकाळी फ्रीझरमध्ये टाकली आणि विसरले. दुपारी दार उघडलं तर बूच अर्धं वर आलेलं, आजूबाजूच्या मटाराच्या पाकिटांवर वाइनचा बर्फ. आजी दारात उभ्या. त्यांनी पाहिलं, मान हलवली आणि म्हणाल्या, “बाल्द!” मला वाटलं पुसायला मागताहेत. मी मोरीतली बालदी आणली. त्या हसल्या, ती बाजूला ठेवली, घरी गेल्या आणि दुसरी बाटली व एक पत्र्याची छोटी बादली घेऊन आल्या. त्यात बर्फ, बर्फ बुडेल एवढं पाणी आणि मूठभर जाडं मीठ. बाटली मानेपर्यंत आत. वीस मिनिटं.

नुसत्या बर्फात बाटली लवकर गार होत नाही, कारण बर्फाचे खडे काचेला जागोजागीच टेकतात. पाण्याने गारवा सगळीकडून लागतो आणि मिठाने पाणी आणखी थंड होतं. लहानपणी पॉटमध्ये आइस्क्रीम फिरवताना आम्ही बर्फात मीठ घालायचो, तेच हे. तेव्हापासून मी फ्रीझरच्या वाटेला गेले नाही. अति गारही करू नये. फ्रिजमध्ये चार अंशांना रात्रभर ठेवलेली बाटली लगेच ओतली तर वास लागत नाही, नुसतं आंबट पाणी लागतं. आठ ते दहा अंश पुरे. थर्मामीटर कोण लावतंय? फ्रिजमधून काढून दहा मिनिटं ओट्यावर ठेवायची, बाटलीवर दव धरलं की ओतायची.

त्या दुपारी मी पहिल्यांदा ही वाइन जशी प्यायची तशी प्यायले. फिकट, लिंबाच्या सालीच्या रंगाची. जिभेवर बारीक टोचणी. सोड्याइतकी नाही, गोटी सोडा उघडून पाच मिनिटं झाल्यावर उरते तेवढी. इथे त्या टोचणीला ‘आगुल्या’ म्हणतात, म्हणजे सुई. पूर्वी ही टोचणी बाटलीत वाइन पुढे आंबत राहायची त्यातून यायची. आता बहुतेक ठिकाणी बाटली भरतानाच थोडा वायू सोडतात. अल्कोहोल नऊ-दहा टक्के. मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच हलकी.

मग मी आजींना पुण्याच्या बाटलीची गोष्ट सांगितली. निम्मी शब्दांनी, निम्मी हातवाऱ्यांनी. चार वर्षं म्हटल्यावर त्यांनी छातीवर क्रूस केला. ‘व्हेर्द’ म्हणजे हिरवी. पण रंगाने हिरवी नव्हे, कोवळी, ताजी. कोवळ्या काकडीला आपण हिरवी म्हणतो तशी. काहीजण म्हणतात नाव या हिरव्या मुलखावरून पडलं. कसंही असो, साधी व्हेर्द वर्षा-दीड वर्षात पिऊन टाकायची असते. गेल्या हंगामाची बाटली या उन्हाळ्यात संपली पाहिजे. मी ती जपली नव्हती, चार वर्षं कपाटात सडवली होती.

पुढच्या जूनमध्ये सांजांव आला. गोव्यात ज्या दिवशी डोक्याला पानाफुलांचा मुकुट घालून विहिरीत उड्या मारतात, तोच हा सण. इथे २३ जूनच्या रात्री अख्खं ब्रागा रस्त्यावर असतं. लोक एकमेकांच्या डोक्यात प्लॅस्टिकच्या हातोड्या मारतात. आणि गल्लोगल्ली कोळशावर मासे भाजतात. धुराचा वास आला आणि मला एकदम घरची आठवण झाली, कारण तो वास तारल्यांचा होता. सार्डिन म्हणजे आपली तारलीच, जातभाई तरी नक्कीच. इथे पोट साफ न करता, खवले न काढता, जाड्या मिठात घोळवून तशीच जाळीवर टाकतात. मला आधी ते कसंसंच झालं. पण भाजल्यावर कातडी सोलून निघते आणि मांस सुट्टं होतं. मासा जाड पावाच्या तुकड्यावर ठेवून हाताने खायचा. जूनमध्ये सार्डिन चरबीने भरलेली असते, ती चरबी पावात झिरपते. मासे संपल्यावर शेवटी तो पाव खायचा. खरी मजा तिथे आहे.

तेव्हा कळलं ही वाइन अशी का आहे. तारलीचं तेल तोंडात बसतं. दोन मासे खाल्ले की तिसरा नकोसा होतो. मध्ये गार, आंबट, टोचरी वाइन आली की तोंड धुतल्यासारखं होतं आणि तिसऱ्या माशाची इच्छा होते. आपण तळलेल्या माशावर लिंबू पिळतो, काम तेच. मी सहा खाल्ल्या. नवऱ्याने मोजल्या होत्या.

आता झालेल्या फजितीबद्दल. सांजांवच्या यशाने मी फुशारले होते. ऑगस्टमध्ये नवऱ्याचे दोन सहकारी, त्यांच्या बायका आणि आजी अशा पाच जणांना जेवायला बोलावलं. ठरवलं, यांना आपल्याकडचं खरं कालवण खायला घालायचं. बाजारातून रोबालो आणला. जिताड्याची आठवण करून देणारा, पांढऱ्या घट्ट मांसाचा मासा. आईने पाठवलेला घरचा मसाला पाच चमचे, लसूण, खोबऱ्याचं वाटण, भरपूर आमसुलं. शिवाय सोलकढी. वाइनही ऐपतीबाहेरची घेतली. अकरा युरोची, अल्व्हारिन्यो जातीच्या द्राक्षाची व्हेर्द, तेरा टक्के अल्कोहोलची. महाग आहे म्हणजे चांगली, आणि चांगली म्हणजे कशाहीबरोबर चांगली, असा माझा हिशेब.

पहिल्या घासाला सगळ्यांनी कौतुक केलं. दुसऱ्या घासानंतर सगळे वाइनकडे वळले. आणि तिथे घोटाळा झाला. तिखटाने पेटलेल्या तोंडावर ती वाइन रॉकेल ओतल्यासारखी झाली. आग वाढली, मागे कडवटपणा राहिला. अल्कोहोल जास्त तितकी तिखटाची आग जास्त, हे मला माहीत नव्हतं. सोलकढीनंतर घेतलेला घोट तर चक्क पाण्यासारखा लागला. जेवणातला पदार्थ वाइनपेक्षा आंबट असला की वाइन फिकी पडते. अकरा युरोची वाइन आमसुलाने आडवी केली. एका पाहुण्याला ठसका लागला तो थांबेना. सगळे पाव खात बसले, पाण्याचे जग मी तीनदा भरले. कुणी काही बोललं नाही, उलट ‘फार चविष्ट’ म्हणाले. त्या बोलण्याची जात मी ओळखली. मी स्वतःच एकदा फोनवर ते बोलले होते.

आजी मध्येच उठून खाली गेल्या आणि स्वतःच्या फ्रिजमधली एक बाटली घेऊन आल्या. स्वस्तातली, नऊ टक्क्यांची, किंचित गोडसर. लेबलवर ‘मेयो सेको’ होतं, म्हणजे अर्धकोरडी. कालवणाबरोबर ती पुष्कळ बरी गेली. अगदी जमली असं नाही म्हणणार, पण ठसका थांबला. त्या रात्री पाहुणे गेल्यावर मी भांडी घासताना थोडी रडले. नवऱ्याने अल्व्हारिन्योचा उरलेला ग्लास आणून दिला. नुसता, काही न खाता. तेव्हा लक्षात आलं की वाइन उत्तम होती. पिकल्या पेरूसारखा, संत्र्याच्या सालीसारखा वास येत होता. जेवताना मला त्यातलं काही लागलं नव्हतं.

त्यानंतर मी जरा हट्टालाच पेटले. दर रविवारी एक पदार्थ आणि एक बाटली. बाटली तीन-चार युरोचीच. नोंदी मुलाच्या जुन्या वहीत.

पहिल्याच रविवारी जमलेली गोष्ट तिसऱ्यांची. इथे त्यांना ‘आमेजुआश’ म्हणतात. पोर्तुगालभर त्यांचा एक पदार्थ करतात, त्याला एकोणिसाव्या शतकातल्या बुल्यांव पातू या कवीचं नाव आहे. तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू काढायची, ते आपल्यासारखंच. मग पसरट पातेल्यात ऑलिव्ह तेल, ठेचलेला भरपूर लसूण, तिसऱ्या, वर वाटीभर तीच वाइन आणि झाकण. तीन-चार मिनिटांत शिंपले उघडतात. उघडले नाहीत ते फेकायचे. वर मूठभर कोथिंबीर आणि लिंबू. कोथिंबीर बघून मला इतका आनंद झाला की काय सांगू. आजींनी मात्र नाक मुरडलं. त्यांच्या मते कोथिंबीर दक्षिणेकडच्या लोकांची, मिन्योत पार्सली घालतात. मी कोथिंबीरच घालते. पातेल्यात खाली जो रस उरतो तो पावाने पुसून खायचा, आणि वर व्हेर्दचा घोट. लसूण, खारटपणा, वाइन. मीठ आंबटपणाला मऊ करतं, म्हणून खारट पदार्थांबरोबर ही वाइन अंगावर येत नाही. आमच्याकडची एकशिपी मी पुढच्या रविवारी केली, मिरची अर्धी आणि आमसुलं दोनच घालून. खोबऱ्यामुळे ती आणखी छान गेली.

तांदळाची पिठी आणि रवा लावून तळलेला कुठलाही मासा जमतो. हळद, मीठ, लिंबू, नावाला तिखट. इथे बोंबील मिळत नाहीत हे दुःख आहे. त्याऐवजी मी छोटे काराप्यू घेते. बांगड्याच्या नात्यातले वाटतात, तळले की कुरकुरीत होतात. माकलीच्या कड्याही छान. आजी फरसबीच्या शेंगा पिठात बुडवून तळतात आणि त्यांना ‘मळ्यातले मासे’ म्हणतात, कारण ताटात छोट्या माशांसारख्या दिसतात. मला ती सरळ फरसबीची भजी वाटली. बदल्यात मी कोथिंबीर वडी दिली. शाकाहारी घरात ही वाइन कशाबरोबर घ्यायची असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. कोथिंबीर वडी, भजी, बटाटेवडा. वड्याबरोबर लसणीची चटणी मात्र नको. अळूवडी मध्यम जमली, चिंच कमी घातली तर.

बिघडलेल्याही पुष्कळ. पाडव्याला श्रीखंडाबरोबर घेतली तर व्हिनेगर प्यायल्यासारखं झालं. गोडाबरोबर कोरडी वाइन कधीच नको. ठेचा तर विसराच. लोणच्यानेही वाट लागते.

सगळ्यात मोठा आपटीबार मात्र वाइनचा नव्हता. इथला बाकल्याव म्हणजे मीठ लावून वाळवलेला कॉड, फळीसारखा कडक. मी म्हटलं, खारे मासे काय आपल्याला नवे आहेत? दोन तास भिजवले आणि बटाट्यांबरोबर शिजवले. समुद्र शिजवल्यासारखं झालं. पूर्ण पातेलं फेकलं. हा मासा एक ते दोन दिवस भिजवायचा असतो, फ्रिजमध्ये, पाणी चार-पाच वेळा बदलून. जाड तुकडा असेल तर दोन दिवसच. नीट भिजवलेला बाकल्याव, बटाटा, कांदा, अंडं, ऑलिव्ह तेल असं जड जेवण असेल, तर हलकी व्हेर्द पुरत नाही. तिथे अल्व्हारिन्यो लागते.

पुढच्या सप्टेंबरात आजी आम्हाला माहेरी घेऊन गेल्या. द्राक्षांची तोडणी होती. ब्रागाहून गाडीने पोंत द लीमा फार लांब नाही. नाशिककडची द्राक्षबाग मी पाहिलेली, त्यामुळे काय बघायचं ते माहीत आहे असं वाटत होतं. पण तिथे शेताच्या कडेकडेने उंच ग्रॅनाइटचे खांब आणि त्यांवर मांडव. मांडवावर वेली, खाली मका आणि कोबीसारखी उंच भाजी. आमच्याकडे पडवळाचा मांडव असतो तसाच, फक्त चौपट उंच. काही जुन्या वेली तर थेट झाडांवर चढवलेल्या. सुपारीवर मिरीचा वेल चढतो ना, अगदी तशा. जमीन थोडी, माणसं फार, म्हणून वेली वर चढवल्या आणि खालची माती खायच्या पिकाला ठेवली. शिवाय पावसाळी दमट हवेत घड जमिनीपासून उंच राहिले तर कमी सडतात. आता नवीन बागा तारांवरच लावतात. शिडीवर चढून घड तोडणं आजींच्या भावालाही जमेनासं झालंय. मी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर दहा मिनिटं टिकले.

त्यांच्याकडे लोरेइरो जातीची द्राक्षं. नावाचा संबंध तमालपत्राच्या जातभाईशी आहे, कारण वासात ती झाक येते. पोंत द लीमाच्या आसपास हीच जात जास्त. आणखी उत्तरेला मोंसाँव आणि मेलगासू, तिथे अल्व्हारिन्यो. तिथून मिन्यो नदीपलीकडे स्पेन दिसतो आणि पलीकडचे लोक त्याच द्राक्षाला अल्बारिन्यो म्हणतात. नऊ पोटविभाग आहेत असे. १९०८ साली कायद्याने या प्रदेशाच्या सीमा ठरल्या, तेव्हापासून बाहेरच्या कुणाला हे नाव लावता येत नाही. बाटलीच्या गळ्यावर किंवा पाठीवर छोटी मोहोर असते, ती बघून घ्यावी. मी विकत घेताना आता तीन गोष्टी बघते. ती मोहोर, अल्कोहोलचा आकडा आणि वर्ष. वर्ष छापलं नसेल तर जिथे माल पटापट खपतो त्या दुकानातूनच घेते. कोपऱ्यावरच्या धूळ बसलेल्या फळीवरून नाही. आकडा नऊ-दहा असेल तर तळण, भाजलेले मासे, तिसऱ्या. बारा-तेरा असेल तर बाकल्याव, भाजलेला ऑक्टोपस, नाहीतर नारळाच्या दुधातली बिनतिखटाची कोळंबी. आणि जपून ठेवायचीच हौस असेल तर चांगली अल्व्हारिन्यो ठेवावी. ती काही वर्षं खरंच टिकते आणि सुधारते, पण गार अंधाऱ्या जागी. शालूशेजारी नाही.

पुढच्या मे महिन्यात अलिबागला गेलो. भारतात जाताना माणशी दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त नेता येते, म्हणून माझ्या नावावर दोन बाटल्या घेतल्या. एकेक बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यावर मुलाचा जाड टॉवेल, आणि बॅगेच्या मधोमध. कडेला नाही. दोन्ही धडधाकट पोचल्या.

आईने बोंबील आणले. ताजे, पाणीदार, पाट्याखाली दाबून पाणी काढलेले. रव्यात घोळवून तव्यावर. मी तिला आधीच सांगितलं होतं, मसाला कमी. तिने सांगितल्याच्या दुप्पट घातला, पण तरीही कालवणाइतका नाही. बालदीत बर्फ, पाणी, मीठ. अंगणात चटईवर आम्ही सगळे. बाहेरचा बोंबील कुरकुरीत, आतला नुसता मलई, आणि त्यावर ती गार टोचरी वाइन. दोन वर्षं ब्रागात मी ज्या घासाची वाट बघत होते तो हा होता. बाबांनी दोन ग्लास घेतले आणि म्हणाले, “ताडीच्या जवळ जाते.” सकाळच्या ताज्या ताडीच्या, असंही पुढे म्हणाले. मला ते पटलं. आईने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, दुसरा घेतला आणि ग्लास खाली ठेवला नाही.

दुसरी बाटली मी त्यांच्यासाठी ठेवून आले. परवा फोनवर सहज विचारलं, आवडली का.

“अगं, उघडलीच नाही अजून,” आई म्हणाली. “बाबांनी कपाटात नीट जपून ठेवलीय. जुनी झाली की आणखी छान लागते ना ती?”

मी तिला सगळं परत सांगितलं. पुण्याचं कपाट, कोऱ्या चहाचा रंग, सगळं. फ्रिजमध्ये टाक, या रविवारी बोंबील आण आणि संपवून टाका, म्हटलं.

“या रविवारी कसे आणू बोंबील?” ती म्हणाली. “श्रावण लागला की. आता गौरीगणपती होऊन जाऊ देत, मग बघू.”

निदान फ्रिजमध्ये तरी ठेव, असं सांगून मी फोन ठेवला.